कॅनच्या अंगातलं बनियन

सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता मी ठरवलं, की आजपासून आपल्या घरात प्यायचं पाणी फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. निर्णय एवढाच. (माझे सगळे निर्णय एवढेच असतात. पुढचं सगळं आपोआप होतं.)

पण आधी थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही लगेच बायकोची बाजू घ्याल. सांगितल्यावरही घ्यालच म्हणा, पण निदान मला ओळखून घ्याल.

मी एका कचेरीत आवक-जावक कारकून आहे. आलेलं पत्र वहीत चढवायचं, गेलेलं पत्र वहीत चढवायचं, हे बावीस वर्षं चाललंय. ह्या कामाने माणसाला एक खोड लागते. घरातली कोणती वस्तू कुठून उठली, कुठे गेली, किती वेळा गेली, हे आपोआप दिसायला लागतं, आणि एकदा दिसलं की स्वस्थ बसवत नाही. बायको दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. तिला माणसाने तोंड उघडलं की पुढचं सगळं कळतं. माझं तर ती उघडूही देत नाही.

तिचे वडील, म्हणजे माझे सासरे, बत्तीस वर्षं विजेचे मीटर वाचत उन्हातान्हात फिरले. सासूबाई गेल्यापासून ते त्यांच्या दोन खोल्यांत एकटे राहतात. दोन महिन्यांपूर्वी न्हाणीत पाय घसरून पडले आणि अर्धा दिवस तसेच पडून राहिले. शेजाऱ्यांनी दार तोडून त्यांना बाहेर काढलं. तेव्हापासून बायकोचा एकच धोशा, "बाबा, आता आमच्याकडे कायमचे या." आणि त्यांचं एकच उत्तर, "मी कुणाच्या घरात अडगळ होणार नाही." रडून, रुसून, जेवण टाकून शेवटी तिने त्यांना एवढ्यावर आणलं होतं, की आठवडाभर राहून बघतो, जमलं तर पुढचं बोलू.

"अहो, तुम्ही आठवड्याची रजा टाका," बायको मला म्हणाली. "मी लॅबमध्ये असेन. बाबांना इथे करमलं पाहिजे. एवढं एकच काम आहे तुम्हाला."

"त्यात काय मोठंसं!"

"आणि आठवडाभर कुठलाही प्रयोग नको."

"मी कधी प्रयोग करतो?"

तिने नुसतं गीझरकडे पाहिलं. (मागच्या थंडीत मी गीझरला गादी गुंडाळली होती, उष्णता वाया जाऊ नये म्हणून. आग लागली नाही, नुसता धूर झाला. पण धूर आणि आग ह्यांतला फरक बायकोला पटवणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे.)

सासरे रविवारी आले. माणूस अगदी सरळ. खाण्याचे चोचले नाहीत, टीव्हीचा हट्ट नाही. शौक एकच, गार पाणी. दर अर्ध्या तासाने उठायचं, फ्रिज उघडायचा, बाटली काढायची आणि दार उघडं ठेवूनच, आतल्या दिव्याकडे बघत, सावकाश एक ग्लास पाणी प्यायचं. मग "हाऽऽ" करायचं. मग बाटली आत ठेवायची. मग ती नीट ठेवली का हे बघायला दार पुन्हा उघडायचं. ज्याने उभा जन्म उन्हात काढला, त्याचा तो हक्कच आहे हे मला मान्य आहे. पण रविवारी संध्याकाळपर्यंत आमचा फ्रिज एकोणतीस वेळा उघडला, हेही मला मान्य करावं लागलं, कारण मी कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने रेघा ओढत होतो.

त्याच कॅलेंडरला विजेच्या बिलासोबत आलेलं एक पत्रक टाचलेलं होतं. त्यात म्हटलं होतं, की फ्रिजचं दार उघडलं की गार हवा बाहेर पडते आणि मशीनला जास्त वेळ चालावं लागतं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती : भांड्याला ओलं सुती कापड गुंडाळून वाऱ्यावर ठेवल्यास पाणी विजेशिवाय गार होते.

विजेशिवाय! ही ओळ वाचल्यावर मला झोप कशी लागावी?

सोमवारी बायको लॅबला गेल्या गेल्या मी फ्रिजमधल्या सगळ्या बाटल्या पाच-पाच लिटरच्या दोन कॅनमध्ये रिकाम्या केल्या, उरलेली जागा नळाच्या पाण्याने भरली आणि कापड शोधायला लागलो. टॉवेल जाड पडला. बायकोच्या ओढण्या सुती होत्या, पण मला संसार करायचा होता. शेवटी बाल्कनीत दोरीवर बनियनं दिसली. माझी काढून बघितली. (माझ्या बनियनांत आता कापडापेक्षा भोकं जास्त आहेत. पाणी धरायला कापड लागतं.) शेजारीच दोन पांढरीशुभ्र, घट्ट विणीची बनियनं वाळत होती. कुणाची, हे मी विचारलं नाही. विचारायला तिथे कुणी नव्हतंही.

तात्पुरती घेतली. भिजवून कॅनना घातली आणि काय सांगू, शिंप्याने माप घेऊन शिवल्यासारखी बसली! दोन्ही कॅन खिडकीत ठेवले. मुंडकं नसलेले दोन लठ्ठ गृहस्थ हवा खात उभे आहेत, असं दिसत होतं.

पण वारा एका जागी थांबतो थोडाच! आमच्याकडे सकाळी तो स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो, अकराला जिन्याकडच्या दाराशी येतो, एकच्या सुमाराला बेडरूमच्या खिडकीत आणि तीननंतर बाल्कनीत. हे सगळं मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण मी दहा लिटर पाणी उचलून त्याच्या मागे फिरत होतो. कॅन ठेवायचे, बोट ओलं करून वर धरायचं, वारा कुठे गेला ते बघायचं, कॅन उचलायचे, आणि सासरे येताना दिसले की ते पडद्याआड ढकलायचे. बसलो की वाटायचं, आता तिकडे जास्त असेल. उठून गेलो की वाटायचं, इकडेच बरा होता.

सासरे ठरल्या वेळी उठले. फ्रिज उघडला. बराच वेळ आत बघत राहिले.

"जावईबापू, इथे बाटल्या होत्या ना?"

आता खरं सांगितलं असतं तर संध्याकाळी ते लेकीच्या कानावर गेलं असतं. मी म्हटलं, "बाटल्या? नाही हो, बाबा. तुम्हाला पाणी हवंय का? बसा, मी आणतो."

मी ग्लास नेऊन दिला. त्यांनी घोट घेतला. "हाऽऽ" केलं नाही. (ते माझ्या लक्षात आलं, पण पहिला दिवस आहे, कॅन अजून रुळायचे आहेत, अशी मी समजूत घातली.) पाचला बायको यायच्या आत मी चार बाटल्या भरून फ्रिजमध्ये जशाच्या तशा लावून ठेवल्या आणि कॅन बाल्कनीतल्या अडगळीत लपवले. थोड्या वेळाने सासऱ्यांनी फ्रिज उघडला. चार बाटल्या! त्यांनी दार लावलं. पुन्हा उघडलं. माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्र वाचत होतो.

मंगळवारी सकाळी ते दोरीखाली उभे.

"माझी दोन बनियनं होती इथे."

"तुम्ही आणली होती का, बाबा? नक्की?" मी विचारलं. (हे वाक्य लिहिताना आज माझी मान खाली जातेय. तेव्हा मला ते फार हुशारीचं वाटलं होतं.)

"आणली होती," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आणली असतील. नसतीलही."

त्याच दुपारी बेडरूमच्या खिडकीला कॅन पोचेना, म्हणून मी स्टूल नेलं. त्या स्टुलावर पाय ठेवून सासरे पेपर वाचायचे. ते डुलकी काढत होते, पाय अलगद खाली ठेवले आणि स्टूल काढून घेतलं. जागे झाल्यावर त्यांनी विचारलं, "इथे स्टूल होतं ना?" मी म्हटलं, "कुठलं?" बुधवारी बाल्कनीत ऊन थेट कॅनवर यायला लागलं, म्हणून त्यांची काळी छत्री उघडून बांधली. चारला ते फिरायला निघाले आणि दाराआड छत्री शोधत बसले. एकदा शोधली, दोनदा शोधली, पलंगाखाली वाकून बघितलं.

"छत्री आणली होती का हो मी?"

"आठवत नाही बुवा, बाबा."

ते फिरायला गेलेच नाहीत. खुर्चीत बसून राहिले. पाणीही मागेनात. मला वाटलं, चला, माझ्या पाण्याने तहान चांगली भागते. शिवाय बुधवारी वारा पूर्ण पडला होता, त्यामुळे मला उसंत नव्हती. बेडरूममधला टेबलफॅन आणून कॅनच्या समोर लावला, तेव्हा कुठे बनियनं हलायला लागली.

गुरुवारी सकाळी मात्र मला चैन पडेना. सासरे चहा घेताना कपाकडे असे बघत होते, की तो कप त्यांचाच आहे का ह्याची त्यांना खात्री नसावी. सांगून टाकावं का? पण प्रयोग आत्ता कुठे रंगात येत होता, आणि बायकोचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता. मग मी सुवर्णमध्य काढला. गुपचूप एकेक वस्तू जागच्या जागी ठेवून द्यायची. माणसाला वस्तू मिळाल्याशी मतलब.

ते न्हाणीत असताना छत्री दाराआड ठेवली. एक बनियन पिळून दोरीवर टाकलं. दुसरं ड्यूटीवर होतं. स्टूल खुर्चीपुढे ठेवलं.

सासरे बाहेर आले. छत्री दिसली. त्यांनी हात लावून बघितला. मग दोरीवरचं बनियन बघितलं. वाळलेलं असायला हवं होतं, ते ओलं होतं. मग स्टूल. मी मनात म्हटलं, आता खूश होतील.

ते आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपले.

संध्याकाळी बायको आली, आत त्यांच्याशी बोलली आणि बाहेर आली ती डोळे पुसतच.

"बाबा उद्या परत जातो म्हणतायत."

"का? काय झालं?"

"त्यांना विसरायला व्हायला लागलंय," ती म्हणाली आणि तिला हुंदका आवरेना. "वस्तू हरवतात म्हणे, तीन-तीनदा शोधतात, आणि मग समोरच दिसतात. तिथे एकट्याने राहताना असं कधी झालं नाही म्हणतात. आत्ताच हे असं, मग पुढे तुझ्या गळ्यात कशाला पडू, म्हणाले. आजोबांचंही शेवटी असंच झालं होतं हो! शेवटी तर त्यांनी बाबांनाही ओळखलं नाही."

मी तोंड उघडायला गेलो. तिने नेहमीप्रमाणे उघडू दिलं नाही.

"तुम्ही काही बोलू नका. मी उद्या अकराची डॉक्टरांची वेळ घेतलीय. मेंदूच्या. टॅक्सीने आधी तिथे जाऊ, मग ते स्टेशनवर जाणार म्हणतायत. निदान कळू तर दे काय आहे ते."

तुम्ही विचाराल, तेव्हाच का नाही सांगितलं? सांगणारच होतो. जेवताना सांगणार होतो, जेवण झाल्यावर सांगणार होतो. पण कुणी जेवलंच नाही. मी स्वयंपाकघरातून बाल्कनीत आणि बाल्कनीतून स्वयंपाकघरात नुसत्या फेऱ्या घातल्या, आणि ह्या वेळी हातात कॅनसुद्धा नव्हते.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला खाली टॅक्सीने हॉर्न दिला. सासरे बुटाच्या नाड्या बांधत होते. बॅग शेजारी होती. बायको पाठ करून उभी होती. नाड्या बांधून झाल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला.

"जावईबापू, तुम्ही फार सांभाळून घेतलंत. मी इतक्या वेळा तेच तेच विचारलं, पण एकदाही चिडला नाहीत. पोटच्या मुलानेही इतकं केलं नसतं."

मला ब्रह्मांड आठवलं. मी हात सोडवून घेतला, बाल्कनीत पळालो आणि कॅन उचलून आणला. त्याच्या अंगातून पाणी ठिबकत होतं. तो मी त्यांच्यापुढे स्टुलावर ठेवला.

खालून टॅक्सीवाल्याने पुन्हा हॉर्न दिला.

"हे माझं बनियन," सासरे म्हणाले.

"हो."

"दुसरं?"

"त्याच्या भावाच्या अंगात होतं. काल परत केलं. म्हणून ओलं होतं."

"स्टूल?"

"मीच."

"छत्री?"

"मीच नेली, दाराआडही मीच ठेवली. बाटल्याही. रोज सकाळी काढायचो, पाचला लावायचो. बाबा, तुम्ही एकही गोष्ट विसरला नाहीत. मी खोटं बोललो. वीज वाचावी म्हणून."

बायको वळली. ती कशी दिसत होती हे मी सांगू शकत नाही, कारण मी तिकडे बघितलं नाही. सासरे पुढे झाले आणि बनियनाचा काठ चिमटीत धरून बघत राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. पण ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे," ते म्हणाले. "पोरी, अगं, माझं डोकं ठिकाणावर आहे!"

मग त्यांची नजर बाल्कनीतल्या टेबलफॅनवर गेली. आणि बत्तीस वर्षांची नोकरी जागी झाली.

"आणि हा पंखा कुणासाठी?"

"वारा पडला की... कॅनसाठी."

"किती तास?"

"परवा दुपारी दोन ते पाच. काल सकाळपासूनच."

"पाणी बाहेर काढल्यावर फ्रिज बंद केला होतात?"

"फ्रिज कसा बंद करणार? आत दूध आहे, भाजी आहे."

"म्हणजे फ्रिज चालूच, वर हा पंखा." त्यांनी ग्लास मागितला, कॅनमधून अर्धा भरला आणि घोट घेतला. "अंघोळीला बरं आहे. अहो, सकाळी एकदा थर्मास भरून माझ्या उशाशी ठेवला असतात, तर मी दिवसभर फ्रिजला हात लावला नसता. तेवढं सांगायचं होतंत."

आमच्याकडे थर्मास आहे. कपाटात वरच्या फळीवर, खोक्यातसुद्धा आहे. मी चार दिवस दहा लिटर पाणी घेऊन त्या कपाटावरून ये-जा करत होतो.

"बाबा, मग आता जाऊ नका ना," बायको म्हणाली.

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "टॅक्सी उभी आहे, वेळ घेतलेली आहे. डॉक्टरांकडे जाऊन येऊ. चार दिवस मनाला घोर लावून घेतलाय, तो एकदा जाऊ दे. पुढचं मग बघू. बॅग असू दे बरोबर." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हीही चला."

डॉक्टर तरुण बाई होत्या, बोलायला फार मऊ. सासरे खुर्चीत बसले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "माझं बघा, आणि ह्यांचंही बघा. आठवडाभरात घरातल्या वस्तू ह्यांनीच जास्त हलवल्यात." मग बायकोने सगळं सांगितलं. बाटल्या, बनियन, छत्री, वाऱ्यामागे फिरणं. गीझरची गादीही सांगितली, जिचा इथे काहीएक संबंध नव्हता. डॉक्टर मान खाली घालून लिहीत होत्या. गादीपाशी त्यांनी पान उलटलं.

"दोघांनाही पाच शब्द सांगते," त्या म्हणाल्या. "थोड्या वेळाने विचारेन. चावी, बाग, टोपी, साबण, घोडा."

सोपं होतं. पण त्यांच्या खोलीत कोपऱ्यात औषधांचा एक छोटा फ्रिज होता आणि त्याचं दार नीट लागलेलं नव्हतं. बोटभर फट. आतला दिवा दिसत होता. मी पाय हलवले, हात चोळले, दुसरीकडे बघितलं. डॉक्टर सासऱ्यांना तारीख-वार विचारत होत्या आणि फटीतून गार हवा बाहेर पडत होती. शेवटी उठलो, जाऊन दार लावलं आणि परत येऊन बसलो. डॉक्टरांनी त्याचीही नोंद केली.

"आता शब्द सांगा."

सासऱ्यांनी पाचही शब्द सांगितले. मग उलट्या क्रमाने सांगितले. मग, कुणी विचारलं नसताना, येताना जिन्याखाली दिसलेल्या मीटरचा नंबर सांगितला.

"आणि तुम्ही?"

"चावी," मी म्हटलं. "बाग." मग खूप विचार केला. "फ्रिज."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. खुर्ची बायकोजवळ सरकवली आणि आवाज आणखी मऊ केला.

"तुम्ही कामाला जाता, तेव्हा ह्यांच्याजवळ दिवसभर कुणी जबाबदार माणूस असतं का?"

सासऱ्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि खुर्चीत ताठ बसले.

"असतो," ते म्हणाले. "आजपासून मी असतो. कायमचा."

बायको ओक्साबोक्शी रडायला लागली. दोन महिने जे ऐकायला जीव टाकत होती ते एकदाचं ऐकायला मिळालं, तर काय करेल बिचारी! डॉक्टरांनी घाईघाईने कागदी रुमालांचा डबा तिच्यापुढे सरकवला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"धीर सोडू नका," त्या म्हणाल्या. "ह्यांचं अजून फार सुरुवातीचं आहे."